लाइट गेल्यावर लॅपटॉपला एसएसडी दिसेनाशी होते : आधी काय करावे आणि नंतर काय

मालवण आणि आसपासच्या गावांतले लॅपटॉप दुरुस्त करताना एक तक्रार वर्षभर अधूनमधून येत असते, आणि मेअखेरच्या वळिवापासून गणपतीपर्यंत तर ती दर आठवड्याला टेबलावर असते. रात्री वीज गेली, लॅपटॉप बंद पडला आणि सकाळी चालू केला तेव्हा काळ्या पडद्यावर बूट करण्याजोगी डिस्क सापडत नसल्याची एक इंग्रजी ओळ आली. कधी दोन-तीनदा बंद-चालू केल्यावर यंत्र सुरू होते, चार दिवस नीट चालते आणि पुन्हा तीच ओळ दिसते. अशा यंत्रांत बहुतेक वेळा एसएसडी, म्हणजे माहिती चिपमध्ये साठवणारा ड्राइव्ह, असते, आणि मालकाचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो : तिच्यात फिरणारा भागच नाही, तर ती बिघडेल कशी?

ती बिघडते, आणि बहुतेकदा आवाज न करता बिघडते. जुनी हार्ड डिस्क जाण्याआधी टकटक करायची, घरघरायची, मंदावायची, आणि त्या आवाजाने सावध होऊन कित्येकांनी आपले काम वाचवले. एसएसडी आज चालते आणि उद्या नसते. मधे तासाभराची संधी मिळालीच, तर ती दुरुस्तीत घालवायची नाही, माहिती बाहेर काढण्यात घालवायची. गेलेली माहिती परत न मिळण्याचे मी पाहिलेले सर्वांत मोठे कारण मूळ बिघाड हे नाही, बिघाडानंतर घाईने केलेली दुरुस्ती हे आहे.

गेल्या पावसाळ्यात एक मासळी व्यापारी काका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन आले. “लाइट गेली नि आता चालूच होणा नाय. सगळां ह्याच्यातच आसा,” एवढेच म्हणाले. सगळे म्हणजे तीन वर्षांचे हिशेब, खलाशांना दिलेल्या उचलीच्या नोंदी, नौकेच्या परवान्याची व डिझेल परताव्याची कागदपत्रे आणि मुलीच्या लग्नाचे फोटो. शेजारच्या एका मुलाने विंडोज नव्याने टाकून देतो म्हणून पेनड्राइव्हही तयार ठेवला होता. काका आधी माझ्याकडे आले म्हणून पुढचे काही शक्य झाले.

पहिल्या तासात

पडद्यावर दुरुस्तीचे, रीसेटचे किंवा फॉरमॅटचे कोणतेही बटण दिसले तरी ते दाबू नये. विंडोज पुन्हा टाकू नये आणि चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासणारे साधनही चालवू नये, कारण चेकडिस्क ही केवळ तपासणी नसते. दुरुस्तीचा पर्याय देऊन ती चालवली की ती डिस्कवर लिहू लागते, आणि मरणासन्न ड्राइव्हवर लिहिणे म्हणजे बुडत्या होडीत आणखी माल भरण्यासारखे आहे. हार्ड डिस्कवरून पुसलेल्या फायली परत आणणारे सॉफ्टवेअर अनेकांना ठाऊक असते आणि त्या भरवशावर माणसे फॉरमॅट करून मोकळी होतात. एसएसडीवर तो भरवसा चालत नाही. ट्रिम या सोयीमुळे कोणती जागा मोकळी झाली हे विंडोज ड्राइव्हला लगेच कळवते आणि ड्राइव्ह ती जागा आपल्या सवडीने खरोखरच साफ करून टाकतो. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ही सोय विंडोजमध्ये आहे.

यानंतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ मांडणीत, शिरावे. बहुतेक लॅपटॉपवर चालू करताच एफ-टू किंवा डिलीट दाबल्यावर तो पडदा येतो. तेथे ड्राइव्हचे नाव दिसते का आणि क्षमता बरोबर दाखवली जाते का, या दोन गोष्टी पाहायच्या. नाव आणि क्षमता दोन्ही ठीक असतील तर ड्राइव्ह अजून बोलतो आहे. अशा वेळी यंत्राची तारीखही पाहावी. ती काही वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला आहे आणि वीज गेल्यावर बायोसची सगळी मांडणी मूळ पदावर गेली आहे. स्टोरेजची पद्धत एएचसीआयवरून दुसऱ्या पर्यायावर सरकली की पूर्ण निरोगी ड्राइव्हवरचे विंडोजसुद्धा उघडत नाही. पूर्वीची पद्धत पुन्हा निवडली आणि सेल बदलला की काम संपते. असे लॅपटॉप इकडे मला जितके मिळतात तितके मिळायला नकोत, कारण त्यांतल्या काहींवर केवळ या सेलपायी विंडोज नव्याने टाकून झालेले असते.

नाव दिसत असूनही क्षमता भलतीच दिसली तर ड्राइव्हमधल्या फर्मवेअरचा, म्हणजे तो चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचा, हिशेब विस्कटला आहे असे समजावे. २०११ मध्ये इंटेलच्या ३२० मालिकेतले काही ड्राइव्ह अचानक वीज गेल्यानंतर स्वतःला अवघे ८ मेगाबाइटचे समजू लागले होते आणि कंपनीला त्यासाठी नवे फर्मवेअर काढावे लागले होते.

नावच दिसत नसेल तर लगेच आशा सोडू नये. अॅडॉप्टर लावून लॅपटॉप बायोसच्या पडद्यावर वीस-तीस मिनिटे तसाच ठेवावा, मग पूर्ण बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा एकदा तेच करावे. अचानक वीज गेल्यावर काही ड्राइव्हना आपली आतली नोंदवही पुन्हा जुळवायला वेळ लागतो. विंडोज सुरू करण्याच्या धडपडीत तो वेळ त्यांना मिळत नाही, बायोसच्या शांत पडद्यावर मिळतो. एवढ्याने परत आलेले ड्राइव्ह मी पाहिले आहेत, पण परत आलेल्या ड्राइव्हवर नंतर कधी विश्वास ठेवलेला नाही.

त्यानेही काही झाले नाही तर लॅपटॉप उघडावा लागतो. अॅडॉप्टर काढून, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवून मगच ड्राइव्हला हात लावायचा. काकांचा लॅपटॉप उघडला तेव्हा एम-टू (पट्टीसारखा, खाचेत बसणारा) ड्राइव्ह धरून ठेवणाऱ्या इवल्याशा स्क्रूच्या डोक्यावर तांबूस गंज होता आणि स्क्रू सैल करताच ड्राइव्ह जसा तिरपा उचलला जायला हवा तसा उचललाच गेला नाही. तो खाचेत चिकटून बसला होता. बाहेर काढल्यावर त्याच्या सोनेरी पट्ट्यांच्या टोकांना मळकट थर दिसला. किनाऱ्यावरच्या घरांत खिडकीच्या कड्या जशा दोन वर्षांत खातात, तसाच हा खारा दमटपणा यंत्रातही काम करत असतो. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असेल तर तो जास्तच करतो. पट्ट्या शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात आणि पूर्ण सुकू द्याव्यात. खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास आहे, मीही पूर्वी ती वापरली. पण त्याचे कण खाचेत अडकतात आणि सोन्याचा मुलामा मुळातच पातळ असतो, म्हणून आता ती मी टाळतो. ड्राइव्ह परत बसवताना तो खाचेत शेवटपर्यंत गेला आहे याची खात्री करावी, कारण अर्धा बसलेला ड्राइव्ह कधी दिसतो आणि कधी दिसत नाही.

थंड असताना दिसणारा आणि दहा-पंधरा मिनिटांनी गायब होणारा ड्राइव्ह असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. लॅपटॉपचे खालचे झाकण उघडे ठेवून टेबलपंख्याचा वारा त्यावर सोडला तर नक्कल करण्यापुरता वेळ अनेकदा मिळतो.

ड्राइव्ह दिसू लागल्या क्षणी त्यावरचे विंडोज सुरू करायचे नाही. सुरू होताना विंडोज स्वतःच शेकडो ठिकाणी लिहिते. त्याऐवजी उबंटूसारख्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करावा, आजारी ड्राइव्ह केवळ वाचण्यापुरता जोडावा आणि माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. काय आधी उतरवायचे हे मालकाला आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावे. लहान आणि पुन्हा न मिळणारे आधी, मोठे नंतर. वाचताना चुका येऊ लागल्या तर साधी नक्कल तेथेच अडून बसते, म्हणून डीडीरेस्क्यू वापरावे. ते खराब भाग बाजूला ठेवून चांगले भाग आधी उचलते आणि कोठवर काम झाले याची नोंद ठेवते, त्यामुळे मध्येच ड्राइव्ह गायब झाला तरी पुढच्या वेळी तेथूनच सुरुवात करता येते.

काकांचा ड्राइव्ह पट्ट्या पुसल्यानंतर साधारण चाळीस मिनिटे टिकला. हिशेब आले, उचलीच्या नोंदी आल्या, परवान्याची कागदपत्रे आली. फोटोंचे फोल्डर निम्म्यावर असताना तो गेला आणि नंतर कशानेही आला नाही. हळदीचे फोटो आहेत, लग्नाचे नाहीत.

विजेचा आणि एसएसडीचा संबंध

लॅपटॉपला बॅटरी असते, मग घरची वीज गेली तर ड्राइव्हचे काय बिघडते, असे विचारले जाते. अडचण अशी की इकडच्या कित्येक लॅपटॉपांची बॅटरी केव्हाच गेलेली असते आणि ते अॅडॉप्टर लावूनच चालतात. घराघरांत तो एक प्रकारचा डेस्कटॉपच झालेला असतो. दिवसातून तीनदा लाइट गेली की ड्राइव्हचीही वीज तीनदा तोडली जाते, आणि तीही नेमकी तो काही लिहीत असताना.

एसएसडीतील नँड फ्लॅश चिपमध्ये माहिती सूक्ष्म पेशींत विद्युतभाराच्या रूपाने साठवलेली असते. आजच्या सर्वसाधारण टीएलसी ड्राइव्हमध्ये एका पेशीत ३ बिट आणि क्यूएलसीमध्ये ४ बिट मावतात. एकाच पेशीत अनेक बिट असल्याने नवे लिहिताना मध्येच वीज गेली तर त्या पेशीत आधीपासून असलेले, तुम्ही आज हातही न लावलेले, जुनेही बिघडू शकते. दुसरी नाजूक गोष्ट म्हणजे नोंदवही. तुमची फाइल नेमक्या कोणत्या पेशींत आहे हे विंडोजला माहीत नसते, ते फक्त ड्राइव्हमधल्या कंट्रोलरला माहीत असते. तो पेशी समान झिजाव्यात म्हणून माहितीची जागा सतत बदलत राहतो आणि त्या बदलांचा तक्ता सांभाळतो. हा तक्ता बिघडला तर चिपमधले सारे शाबूत असूनही कोणाचा पत्ता कोणाला लागत नाही. मोठ्या सर्व्हरसाठी बनवलेल्या ड्राइव्हवर वीज गेल्यावरही हातातले काम पुरे करण्याइतकी ऊर्जा धरून ठेवणारे कपॅसिटर बसवलेले असतात. लॅपटॉपच्या ड्राइव्हवर ते बहुधा नसतात.

ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्ज यांच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १५ एसएसडींची वीज मुद्दाम पुन्हा पुन्हा तोडून पाहिली होती. त्यांतल्या १३ ड्राइव्हमध्ये अनपेक्षित दोष दिसले, कोठे लिहिलेले बिघडले, कोठे ड्राइव्हच निकामी झाला. ते ड्राइव्ह त्या काळचे होते हे खरे, पण कंट्रोलरचे मूळ काम आजही तेच आहे.

म्हणून ही तक्रार वारंवार येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे लॅपटॉपची बॅटरी बदलण्याचे असते. नवा ड्राइव्ह घालून जुनी मेलेली बॅटरी तशीच ठेवली तर काही महिन्यांनी तोच लॅपटॉप त्याच तक्रारीसह परत येतो.

तब्येतीचा टक्का

क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स यांसारख्या फुकट साधनांनी ड्राइव्हची स्वतःची नोंद वाचता येते. सगळे त्यातला तब्येतीचा टक्का पाहतात. मी आधी इतर तीन ओळी पाहतो. असुरक्षित रीतीने बंद होण्याची संख्या किती आहे, माहितीतल्या न सुधारता आलेल्या चुका शून्य आहेत का, आणि राखीव पेशी किती उरल्या आहेत. काकांच्या त्याच ड्राइव्हची नोंद त्या चाळीस मिनिटांत पाहून घेतली होती : असुरक्षित बंद होण्याची संख्या चारशेच्या वर, आणि तब्येत ९१ टक्के.

हा टक्का मुख्यतः किती लिहून झाले त्यावरून काढलेला असतो. सामान्य ५०० जीबीच्या ड्राइव्हवर ३०० टीबी लिहिण्यापर्यंतची हमी अनेक कंपन्या देतात. रोज २० जीबी लिहिले तरी तेवढे व्हायला चाळीस वर्षे लागतील. हिशेब आणि फोटो सांभाळणाऱ्याचा ड्राइव्ह झिजून जात नाही. तो जातो कंट्रोलरमुळे, फर्मवेअरमधल्या चुकीमुळे, विजेमुळे किंवा गंजामुळे, आणि यांपैकी एकही गोष्ट त्या टक्क्यात धरलेली नसते. २०१६ मध्ये टोरांटो विद्यापीठ आणि गूगल यांनी गूगलच्या डेटा सेंटरमधल्या सहा वर्षांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी कमी वेळा बदलाव्या लागल्या असे आढळले, पण पहिल्या चार वर्षांत मॉडेलनुसार २० ते ६३ टक्के ड्राइव्हवर निदान एक तरी न सुधारता येणारी चूक झाली होती. लेखनाच्या झिजेपेक्षा ड्राइव्हचे वयही महत्त्वाचे ठरले होते. म्हणून एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा वाईट आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. प्रवासात, होडीवर, दुचाकीच्या डिकीत ती हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी चांगली टिकते. तिच्यावरची एकमेव प्रत मात्र टिकेलच असे कोणी सांगू शकत नाही.

बॅकअप, आपल्या किनाऱ्यापुरता

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा जगभर मानला जाणारा नियम आहे आणि तो इकडेही तसाच लागू पडतो. घराबाहेर या शब्दाचा अर्थ मात्र कोकणात नीट लावावा लागतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी पुरुषभर उंचीच्या वर चढले, तेव्हा दुकानातला संगणक आणि त्याच दुकानाच्या कपाटातली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात गेली. शेजारच्या दुकानात ठेवलेली प्रत ही घराबाहेरची प्रत नव्हे. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ती घाटमाथ्यावरच्या किंवा मुंबईच्या नातेवाइकाकडे ठेवावी, आणि गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुटी या तीन खेपांना डिस्कांची अदलाबदल करावी. मुंबईकर मंडळी तेव्हा येतातच.

इंटरनेटवरची प्रत चांगली, पण एकटी पुरेशी नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तेथे नेट कोठून असणार. शिवाय गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचे फोल्डर लॅपटॉपशी जुळवून ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे. येथे फाइल पुसली की ती तेथेही पुसली जाते, कचरापेटीत साधारण ३० दिवस राहते आणि मग जाते. लॅपटॉपवरच्या फायली कोणी खंडणीसाठी कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फायलीही इमानाने वर चढतात.

घरच्या प्रतीसाठी मी अजूनही फिरती पोर्टेबल हार्ड डिस्कच सुचवतो. एसएसडी आणि पेनड्राइव्ह वीज न देता दीर्घकाळ ठेवण्यासाठी नाहीत. चिपची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकानुसार लेखनाची हमी पूर्ण वापरून झालेल्या लॅपटॉपच्या ड्राइव्हने ३० अंश सेल्सिअसला, विजेविना, एक वर्ष माहिती धरून ठेवावी एवढीच अपेक्षा आहे. नवा ड्राइव्ह याहून बराच जास्त काळ धरतो, पण पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये किती तापते हे आपल्याला माहीत आहे. हार्ड डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, बॅकअप घेऊन झाला की लगेच काढून ठेवावी आणि विजांच्या दिवसांत तर कधीही जोडलेली सोडू नये. दोन डिस्क घ्यायच्या असतील तर वेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात. २०१९ मध्ये एचपीई कंपनीच्या सर्व्हरमधले काही एसएसडी फर्मवेअरच्या चुकीमुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तासांनी, बंद पडणार असल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले होते. एकाच दिवशी बसवलेले जोडीचे ड्राइव्ह एकाच वेळी गेले असते.

साधन कोणते याला मी फार महत्त्व देत नाही. विंडोजमधली फाइल हिस्टरी, मॅकवरचे टाइम मशीन, लिनक्सवरचे डेजा-डप, सगळी आपापले काम करतात. टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर असेल तर त्यातूनच बॅकअप घ्यावा, कारण ते चालू असताना नुसते फोल्डर उचलले तर नक्कल अर्धवट निघू शकते. आणि महिन्यातून एकदा ती डिस्क दुसऱ्याच लॅपटॉपला लावून तीन फायली उघडून पाहाव्यात, एक जुनी, एक कालची आणि एक सर्वांत मोठी. बॅकअप आहे म्हणून निर्धास्त असलेल्या दोघांच्या डिस्क मी उघडल्या, तेव्हा एकीत फक्त शॉर्टकट होते आणि दुसरीत आठ महिन्यांपूर्वी थांबलेले काम.

आणखी एक गोष्ट आजच करता येते. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर ड्राइव्ह बहुधा आपोआप कुलूपबंद केलेला असतो. मदरबोर्ड गेला, किंवा सेल संपून बायोसची मांडणी बदलली, तर यंत्र बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची ४८ अंकी किल्ली मागते. ती नसेल तर पूर्ण निरोगी ड्राइव्हमधूनही काही मिळत नाही, येथे नाही आणि मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेतही नाही. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सापडते. ती कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवावी.

नवा ड्राइव्ह बसवल्यावर

काकांच्या लॅपटॉपला नवा ड्राइव्ह आणि नवी बॅटरी एकदमच घातली, नाणे-सेल बदलला आणि गंजलेला स्क्रूही. फर्मवेअर कंपनीच्या साधनाने अद्ययावत केले, आणि ते नेहमी ड्राइव्ह रिकामा असतानाच करावे. एकूण जागेपैकी आठवा हिस्सा मोकळा राहील असे पाहावे, कारण काठोकाठ भरलेला ड्राइव्ह पेशींची अदलाबदल करताना गुदमरतो आणि लॅपटॉप अडखळू लागतो. जुना ड्राइव्ह हमीच्या मुदतीत होता आणि बदलून मिळाला असता. हमी ड्राइव्हची असते, आतल्या माहितीची नसते, आणि बदलून घेण्यासाठी जुना परत द्यावा लागतो. काकांनी तो दिला नाही. कधीतरी प्रयोगशाळेत पाठवू म्हणून लेबलवर मुलीचे नाव आणि तारीख लिहून घेतली आणि तो घरी नेला. नवी पोर्टेबल डिस्क आता दर रविवारी, बंदरावरचा लिलाव आटोपल्यावर, त्यांचा मुलगा लावतो. दुसरी कोल्हापूरला मुलीच्या सासरी आहे.